बॅगेतली सहा महिन्यांची औषधं

मे संपत आला की माझ्या दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक येऊ लागतं. सुट्टी संपलेली असते, परवाचं विमान असतं, बॅग आंबे, कोकम आणि सुक्या मासळीने आधीच गच्च झालेली असते आणि औषधं सगळ्यात शेवटी आठवलेली असतात. हातात डॉक्टरांची चिठ्ठी असलीच तर घडीवर विरलेली. नसली तर रिकामी पट्टी पुढे करायची. "भाई, ह्या सहा महिन्यांच्या काढा." बीपीची एक, शुगरची एक, कोलेस्टेरॉलची एक अशा रोजच्या तीन गोळ्या धरल्या तर १५च्या पट्टीच्या हिशोबाने ३६ पट्ट्या होतात. मी मोजतो, रबर लावतो, पिशवीत भरतो.

कोकणातल्या खेडच्या बाजारात मेडिकल चालवून मला २२ वर्षं झाली. एवढ्या काळात माझ्या पिशव्या कुवेत, दोहा, दम्माम, शारजा, लंडन, न्यू जर्सी, केपटाउन अशा कुठे कुठे जाऊन आल्या. मी स्वतः गोव्यापलीकडे गेलेलो नाही. माणसं देश बदलतात तेव्हा त्यांच्या तब्येतीचं काय होतं आणि त्यांची औषधं सीमा ओलांडतात तेव्हा काय होतं, यावर जगभर खूप अभ्यास झाला आहे. तो जमेल तसा वाचत गेलो. वाचताना सारखं वाटत होतं, की अरे, हे तर आपल्या काउंटरवरचंच आहे. फक्त त्याला मोठी मोठी नावं दिलेली आहेत.

आधी एक कोडं. गरीब देशातला माणूस श्रीमंत देशात कामाला जातो. लहानपणी त्याला खायला कमी, दवाखाना लांब. मग तिथल्या लोकांपेक्षा त्याची तब्येत खराब असायला हवी ना? पण बऱ्याच देशांत उलटंच आढळलं. नुकतेच आलेले स्थलांतरित सरासरीने तिथे जन्मलेल्यांपेक्षा धडधाकट निघाले. अभ्यासक याला 'निरोगी स्थलांतरित परिणाम' म्हणतात. कारण आपल्याला सांगायला नको. घर सोडून जायला अंगात धमक लागते. ज्याला जिना चढताना दम लागतो तो एजंटकडे पासपोर्ट घेऊन जात नाही. जातात ते निवडक, आणि ही निवड घरातच, आईबापांच्या नजरेत सुरू होते: "थोरल्याला दमा आहे, धाकट्याला पाठवू."

घरातली निवड झाली की सरकारी चाळणी. कोकणात 'मेडिकल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे माझं दुकान. दुसरा म्हणजे आखातात जाण्याआधीची तपासणी. "त्याचं मेडिकल झालं?" असं कोणी विचारलं तर ते या दुसऱ्याबद्दल असतं. सहाही आखाती देश कामाच्या व्हिसाआधी ठरवून दिलेल्या केंद्रातच तपासणी करायला लावतात. तिची नोंदणी पूर्वी 'गामका' या नावाने व्हायची, आता 'वाफिद' या नावाने ऑनलाइन होते. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गरमी, छातीचा एक्स-रे. शिवाय बीपी, शुगर, किडनीही पाहतात. शेवटी कागदावर एक शब्द येतो, फिट किंवा अनफिट, आणि त्या एका शब्दावर घराचा स्लॅब पडायचा की राहायचा ते ठरतं.

यातली एक गोष्ट मला फार लागते. टीबी झालेला पोरगा सहा महिने सरकारी औषध नीट घेऊन खडखडीत बरा होतो. थुंकीत जंतू नाहीत, वजन भरलेलं, कोणाला लागण व्हायचा प्रश्न नाही. पण फुप्फुसावर जुनी खूण राहते, जखमेचा वण राहावा तशी. एक्स-रेमध्ये ती दिसते आणि पोरगा अनफिट होतो. वर्षानुवर्षं हे चालत आलंय. त्यामुळे कोकणातल्या कितीतरी घरांत टीबी हा आजार म्हणून जितका भीतिदायक नाही तितका व्हिसा बुडवणारा म्हणून आहे. मग खोकला दोन महिने जुना झाला तरी तपासायला कोणी जात नाही. माझ्याकडून कफ सिरप नेतात.

आणि हो, मेडिकलच्या सकाळी बीपीची गोळी दुप्पट घेऊन जाणारे महाभाग मी पाहिलेत. असं करू नका. रांगेतच चक्कर येऊन पडाल.

चाळणी अशी कडक असली की माणूस तिथे एक धडा शिकतो: आजार कळू द्यायचा नाही. हा धडा विमानात बसल्यावर विसरला जात नाही. तिथल्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण असतं, त्यासाठी यूएईसारख्या ठिकाणी पुन्हा तपासणी असते, कंपनीचा विमा असतो, साहेब असतो. शुगर निघाली हे कंपनीच्या दवाखान्यात नोंदवलं गेलं तर? त्यापेक्षा खेडच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि खेडच्या दुकानातल्या गोळ्या बऱ्या. त्या कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नाहीत. मे महिन्यातल्या त्या पिशवीमागचं खरं कारण मला हे वाटतं. स्वस्ताई हे दुसरं.

हवापालट

हे झालं पोटासाठी जाणाऱ्यांचं. पण तब्येतीसाठीच मुक्काम हलवणारी माणसंही असतात, आणि मराठीत त्याला पूर्वीपासून सुंदर शब्द आहे: हवापालट. छातीचं दुखणं झालं की कोकणातल्या दमट हवेतून घाटावर न्यायचं. कोणी पाचगणीला, कोणी मिरजेला. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि घाट उतरून-चढून, बैलगाडीने, नंतर एसटीने, कोकणची माणसं तिथे जात राहिली. खाटल्यावरून घाट चढवलेल्या आजोबांची गोष्ट आमच्या पिढीने तरी ऐकलेली आहे.

सिंधुदुर्गाची हवापालट तर चक्क राज्याबाहेर आहे. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गच्या माणसाला मोठं काही झालं की गाडी आपसूक बांबोळीकडे वळते, गोवा मेडिकल कॉलेजकडे. मुंबई ५०० किलोमीटर, बांबोळी तासा-दीड तासावर. १ जानेवारी २०१८ पासून गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्गात मोठं आंदोलन उभं राहिलं. पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मार्ग काढायचे प्रयत्न झाले. त्या वेळी दोन्ही बाजूंची बोलणी ऐकली तर जगभरातला स्थलांतराचा वाद इथे समजून घेता येतो. गोवेकर म्हणत होते, आमच्या खाटा बाहेरचे अडवतात. आपले लोक म्हणत होते, तुमच्या हॉटेलांत आणि खाणींत राबणारे आमचेच आहेत, मग आजारी पडल्यावरच परके कसे? ब्रिटन-अमेरिकेत हाच वाद चालतो, फक्त दोडामार्गच्या ठिकाणी दुसरं गाव घाला.

बाहेरच्या देशांत मात्र 'उपचारासाठी लोंढे येतात' ही भीती जेवढी मोठी आहे, तेवढे लोंढे नाहीत. दारंच तशी बांधलेली असतात. ऑस्ट्रेलियात व्हिसा देताना तुमच्या आजारावर तिथल्या सरकारचा किती खर्च होईल याचा अंदाज काढतात. २०२४ पासून ही मर्यादा ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, त्यावर अंदाज गेला तर बऱ्याच व्हिसांना नकार येऊ शकतो. ब्रिटनने २०१५ मध्ये व्हिसासोबत आरोग्य अधिभार सुरू केला. तेव्हा तो वर्षाला २०० पौंड होता, फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसासाठी १,०३५ पौंड आहे. मुलाकडे फिरायला गेलेल्या आईवडिलांना तर हे दारही नाही. तिथल्या इमर्जन्सी विभागात पाहतात, पण हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर पाहुण्याला खर्चाच्या १५० टक्के बिल येऊ शकतं. म्हणून लेक सांगते, "आई, सगळ्या गोळ्या तिकडूनच घेऊन ये." आईची पिशवी पोराच्या पिशवीपेक्षा मोठी असते.

उलट प्रवास मात्र भरपूर आहे. सुट्टीत आलेला माणूस दात, चष्मा, मूळव्याध, सगळी कामं पंधरा दिवसांत उरकतो. आणि ज्याचं शरीर खरंच थकलं, तो कायमचा येतो. अभ्यासकांनी याला सामन माशाचं नाव दिलंय. तो मासा समुद्रात वाढतो आणि आयुष्याच्या शेवटी जिथे जन्मला त्याच नदीत परततो. त्यावरून 'सामन बायस'. आम्हाला जगबुडी नदीच्या काठावर हे समजायला सामन बघायची गरज नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे शेतात शिरतात, तेव्हा कंदील घेऊन निम्मं गाव बांधावर असतं.

मुद्दा असा: फार आजारी झालेला स्थलांतरित मायदेशी परततो आणि तिथेच मरतो. त्याचा मृत्यू परदेशच्या नोंदवहीत येत नाही. मग तिथल्या आकडेवारीत स्थलांतरित आहेत त्याहून अधिक निरोगी दिसतात. सुरुवातीच्या कोड्याचं अर्धं उत्तर जाणाऱ्यांच्या निवडीत आहे आणि थोडं या वजाबाकीत. आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय आहेत. तिथून थकून आलेल्यांची किडनी, हृदय, मणके कोणाच्या हिशोबात धरायचे? ते आपल्या तालुक्याच्या डायलिसिसच्या खुर्चीत बसलेले असतात. नेपाळमधून आखातात गेलेल्या तरुण कामगारांच्या किडन्यांवर अभ्यास झालेत. आपल्याकडच्यांचं कोणी मोजत असेल तर मला बघायला आवडेल.

गोळी तीच, कायदा वेगळा

आता पिशवीकडे येऊ. त्यात काय असतं यापेक्षा, सीमा ओलांडल्यावर त्याचं काय होतं ते बघा.

कंबरदुखीवर ट्रॅमाडॉल सर्रास लिहिलं जातं, पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत. ही अफूच्या जातकुळीतली वेदनाशामक आहे. आपल्याकडेही एप्रिल २०१८ मध्ये ती अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली आली. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेसाठी अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, ही सगळी त्याच रांगेतली. यूएईत, सौदीत ही औषधं नियंत्रित आहेत. न्यायची तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. नाहीतर विमानतळावर तुमची कंबर दुखते की नाही हा प्रश्न नसतो, तुम्ही अमली पदार्थ आणलेत का हा असतो.

यातलं सर्वांत फसवं नाव प्रीगॅबालिन. शुगरमुळे पायाच्या तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, त्यावर हे देतात. आपल्याकडे ते बी-१२च्या जोडीला एकाच गोळीत येतं, त्यामुळे लोक त्याला 'व्हिटॅमिनची गोळी' म्हणतात. डॉक्टरही घाईत तसंच सांगतात. यूएई आणि सौदीत प्रीगॅबालिन नियंत्रित आहे. ब्रिटननेही १ एप्रिल २०१९ पासून ते नियंत्रित औषधांत टाकलं. म्हणजे मामू ज्याला व्हिटॅमिन समजून बिनधास्त नेतात, ते कस्टमच्या माणसाच्या यादीत असतं.

औषध नसलेली एक वस्तू याच यादीत आहे, आणि ती स्वयंपाकघरातली आहे. खसखस. खसखस अफूच्याच बोंडातून येते. आपल्या करंजीत, अनारशावर, आईने भाजून दळलेल्या मालवणी मसाल्यात ती असतेच. यूएई, सौदी, कतारमध्ये आणि सिंगापूरमध्येही तिला बंदी आहे. माझ्या दुकानात खसखस मिळत नाही, पण गोळ्यांची पिशवी देताना मी विचारून घेतो, "मसाला कुठला नेताय?" बायकांना आधी वाटायचं मी रेसिपी विचारतोय.

पाश्चात्त्य देशांत अडचण वेगळी. तिथे साधारण तीन महिन्यांची, म्हणजे ९० दिवसांची औषधं स्वतःपुरती न्यायची पद्धत आहे. सहा महिने राहणाऱ्या आईला हे गणित जुळत नाही. शिवाय आपली काही रोजची औषधं तिथे औषधच मानत नाहीत. निमेसुलाइड अमेरिकेत कधी बाजारातच आलं नाही; आपल्याकडे २०११ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना ते द्यायला बंदी आहे, आणि तरी "तापाची ती गोळी" म्हणून आजही आजी ते नातवासाठी मागते. एका गोळीत दोन-तीन औषधं कोंबायची हौस तर आपलीच. सरकारने २०१८ मध्ये अशी ३२८ मिश्रणं आणि २०२४ मध्ये आणखी १५६ बंद केली, तरी कपाट भरलेलं आहे. तिथल्या डॉक्टरला तुमची तीन-इन-वन गोळी दाखवली तर तो आधी ती उलगडत बसतो.

नावांचाही घोळ आहे. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होतं. औषध तेच, नाव दोन. आई बॅगेतली पॅरासिटामॉल घेते, सून प्रेमाने टायलेनॉल देते, तेही तेच, वर सर्दीच्या सिरपमध्ये पुन्हा तेच. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, म्हणजे ५००च्या आठ गोळ्या. त्यापुढे यकृतावर भार येतो आणि सुरुवातीला तसं काही जाणवतही नाही. म्हणून चिठ्ठीवर कंपनीचं नाव पुरत नाही, मूळ औषधाचं नाव हवं.

आणि आकडे. मागे लंडनहून एका काकींचा रात्री साडेअकराला फोन. रडवेला आवाज. "अरे, माझी तीन महिन्यांची शुगर ५३ आलीय! गावी असताना सात होती." मी हसलो, ते चुकलंच माझं. ब्रिटनमध्ये ती तपासणी वेगळ्या एककात सांगतात; त्यांचे ५३ म्हणजे आपले ७ टक्के. काकींची शुगर जागची हलली नव्हती. रोजच्या शुगरचंही तसंच. ब्रिटनमध्ये, दक्षिण आफ्रिकेत ती मिलिमोलमध्ये मोजतात. तिथला आकडा १८ने गुणला की आपला येतो: तिथले ७ म्हणजे इथले १२६. यात उलटी गफलत जास्त वाईट. तिथल्या मशीनवर १५ बघून "वा, कमी आलीय" म्हणणारा माणूस प्रत्यक्षात २७०वर असतो.

ऊन, रोजा आणि 'एच'

औषध तेच, डोस तोच, नाव तेच. तरी हवा बदलली की शरीरात काम बदलतं. हे कोणी सांगत नाही.

बीपीच्या काही गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'एच' असतो. तो हायड्रोक्लोरोथायझाइडचा. ही गोळी लघवीवाटे शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर काढून दाब उतरवते. खेडच्या पावसाळ्यात ठीक. पण जूनमध्ये कुवेतच्या साइटवर? यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे, म्हणजे ऊन किती असेल याची कल्पना करा. घामाने पाणी चाललेलंच असतं, गोळी आणखी काढते. पाठ दुखते म्हणून हा माणूस संध्याकाळी डायक्लोफेनॅक घेतो. आता किडनीवर तिघांचा मार: कोरडं पडलेलं शरीर, पाणी काढणारी गोळी आणि किडनीचा रक्तपुरवठा आवळणारी वेदनाशामक. त्यात 'एच'च्या जोडीला टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल हे बीपीचंच दुसरं औषध असतंच. प्रत्येक गोळी एकटी निर्दोष असते, एकत्र आल्या की किडनी बसते. उन्हात काम करणाऱ्याने सुट्टीवर आल्यावर डॉक्टरांना एवढंच सांगायचं: "मी दिवसभर बाहेर असतो." चिठ्ठी बदलू शकते. पण डॉक्टरांना वाटतं माणूस दुबईत एसीत बसलाय, आणि माणूसही ते खोटं पाडत नाही, कारण गावातही तेच सांगितलेलं असतं.

रमजानमध्ये शुगरवाल्यांचं वेगळं. ग्लिमेपिराइड घेऊन पोटात काही गेलं नाही तर शुगर कोसळते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधार. ही गोळी कधी आणि किती घ्यायची ते रोज्यांच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं असतं. गोळी सोडून देणं किंवा सहेरीला जास्तीची घेणं, दोन्ही घातक. इन्सुलिनवाल्यांनी न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि प्रवासात हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटातल्या सामानात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन पाण्यासारखंच.

काढे, भस्मं आणि बाळगुटीबद्दल थोडक्यात. बोस्टनच्या आसपासच्या भारतीय दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली गेली आणि त्याचा निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १४ औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. याचा अर्थ आयुर्वेद वाईट असा काढू नका. अर्थ एवढाच, की लेबल नसलेली पुडी बाळंतिणीसाठी किंवा तान्ह्या नातवासाठी समुद्रापार नेऊ नका.

स्वस्ताईवरही एक शब्द. कुवेतने डिसेंबर २०२२ पासून परदेशी लोकांना सरकारी दवाखान्यातल्या औषधांसाठी ५ दिनार आणि हॉस्पिटलच्या ओपीडीत १० दिनार लावले. पाच दिनार म्हणजे माझ्याकडे महिन्याभराची बीपीची, शुगरची औषधं होतात, वर चिल्लर परत. तिथल्या दवाखान्याला आणखी दिवसभराचा खाडा, बसचं भाडं, भाषा. मी माणसाला कुठल्या तोंडाने सांगू, की तिथे जाऊन दाखव? तरी सांगतो, वर्षातून एकदा तरी किडनी आणि डोळे दाखव म्हणून. दुबई, अबुधाबीत विमा पूर्वीच सक्तीचा झालाय आणि १ जानेवारी २०२५ पासून यूएईच्या उरलेल्या अमिरातींतही खासगी नोकरदारांना लागू झालाय. कार्ड खिशात आहे आणि गोळ्या माझ्याकडच्या, असे बरेच आहेत.

माझ्या स्वतःच्या चुकीचं सांगतो. आम्ही मेडिकलवाले पट्टी कापतो. गिऱ्हाइकाला दहाच हव्या असतात, पट्टी १५ची असते. कापताना एक्स्पायरी आणि बॅच नंबर असलेली बाजू आम्ही आमच्याकडे ठेवतो, उरलेल्या गोळ्या विकायच्या असतात ना. त्यामुळे गिऱ्हाइकाकडे जो तुकडा जातो त्यावर कधी कधी नावसुद्धा अर्धंच असतं. असेच तीन तुकडे मी एका चाचांना दिले होते. एका आखाती विमानतळावर त्यांना चार तास बसवून ठेवलं. बीपीच्या साध्या गोळ्या होत्या, पण चांदीच्या कागदावर काही लिहिलेलंच नव्हतं. शेवटी पोराने फोनवर चिठ्ठीचा फोटो पाठवला तेव्हा सुटले. परत आल्यावर चाचांनी मला शिवी दिली नाही, नुसता तो तुकडा काउंटरवर ठेवला. तो अजून माझ्या गल्ल्यात आहे.

तेव्हापासून बाहेर जाणाऱ्याला अख्खी पट्टी, मूळ खोक्यासकट, माझ्या बिलासकट. बिलावरचं नाव पासपोर्टवरच्या नावासारखंच. चिठ्ठी ताजी, मूळ औषधाच्या नावाने, इंग्रजीत, डॉक्टरांचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक असलेली. तिचा फोटो फोनमध्ये आणि घरी बायकोकडे. दुसऱ्याची औषधं आपल्या बॅगेत नाहीत, मग तो सख्खा मेहुणा का असेना. नियंत्रित काही असेल तर मी सरळ सांगतो, परवानगी घे, नाहीतर डॉक्टरांकडून बदलून घे. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे पलीकडच्या दुकानात गेली.

एक कोडं मात्र मला बरेच दिवस सुटत नव्हतं. सहा महिन्यांच्या म्हणून मोजून दिलेल्या गोळ्या तीन महिन्यांत संपायच्या आणि घरून माणूस यायचा, "भाई, कुरियरने पाठवायच्यात." मला वाटायचं डोस वाढला. मग परवा शारजाहून एका अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपवर फोटो आला. माझ्याच दुकानाच्या शिक्क्याची पिशवी, अख्खी पट्टी, नाव स्वच्छ दिसतंय. खाली मेसेज: ही चक्करवर चालते का?

बीपीची गोळी होती. मी आधी विचारलं, ही पिशवी कोणाची?

थोड्या वेळाने उत्तर आलं: "रूमची."